तंतुकणिका-स्नायुविकार आणि प्रसूतीतील भूल

पेशीतील तंतुकणिकांना डॉक्टर मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. अन्नातून ऊर्जा काढण्याचे काम त्यांचे. त्यांत जन्मजात दोष असला की स्नायू, हृदय, मेंदू असे जास्त ऊर्जा लागणारे अवयव आधी थकतात.

कळा म्हणजे तासन्‌तास चालणारे कष्ट. प्राणवायूची वाढलेली गरज या पेशींना पेलत नाही. त्या प्राणवायूविना ऊर्जा करू लागतात, लॅक्टेट साठते, रक्त आम्लधर्मी होते आणि श्वासाचे स्नायूही दमतात. म्हणून कळा सुरू होताच कमरेतून बारीक नळी घालून दिलेली एपिड्युरल भूल येथे उपचारातच मोडते. ‘बाईने कळा सोसायच्याच’ हा समज या आजारात घातक आहे.

उपासही तितकाच वाईट. सीझरसाठी उपाशी ठेवायचे तर सलाईनमधून साखर चालू हवी, आणि रक्तातील साखर वारंवार तपासायला हवी, कारण यांतल्या कित्येकींना मधुमेह असतो. सवयीने टांगली जाणारी ‘आरएल’ची (रिंगर लॅक्टेटची) बाटली मात्र टाळावी. तिच्या एका लिटरमध्ये सुमारे २८ मिलिमोल लॅक्टेट असते, आणि ते जाळायला यकृतालाही तंतुकणिकाच लागतात.

सीझरला मणक्यातील भूल बहुधा चालते. ती गरजेपेक्षा वर चढू नये, एवढे जपावे. पूर्ण भूल द्यावीच लागली तर प्रोपोफॉलचा एखादा डोस चालतो, लांबलचक ड्रिप नको. सक्सिनिलकोलीनने रक्तातील पोटॅशियम वाढण्याची भीती असते. स्नायू सैल करणारी इतर औषधे मोजून द्यावीत. बाळंतपणातल्या झटक्यांवरचे मॅग्नेशियमही स्नायू आणखी दुबळे करते. १९५८ साली वर्णिलेल्या कर्न्स-सेयर प्रकारात हृदयाचे ठोके अडखळतात, म्हणून ईसीजी आणि इको आधीच हवेत.

निदानाचा धागा घरातच सापडतो. तंतुकणिकांचा स्वतःचा डीएनए, ३७ जनुकांचा, फक्त आईकडून येतो. तेव्हा आजी, मावशी, मावसभावंडे, मामा यांच्यात लवकर आलेले बहिरेपण, झुकलेल्या पापण्या, मधुमेह आहे का, हे विचारावे. मामाला आजार असला तरी त्याच्या मुलांकडे तो या वाटेने जात नाही. मामाच्या मुलीशी लग्नाच्या जुन्या रीतीने या प्रकाराचा धोका वाढत नाही. पेशीकेंद्रातील जनुकांच्या अप्रभावी दोषांचा मात्र वाढतो. तंतुकणिकांच्या डीएनएतील एका दोषात जेंटामायसिन, अमिकासिन यांनी कायमचे बहिरेपण येते. बाळंतिणीला ही इंजेक्शने देण्यापूर्वी घरात असे कुणाला झाले का, तेही विचारावे.

कोल्हापुरातील राजारामपुरीच्या क्रमांकांच्या गल्ल्यांसारख्या भागात लहान प्रसूतिगृहे बरीच असतात, आणि अशा ठिकाणी भूलतज्ज्ञ बहुधा बोलावणे आल्यावर येतो. त्याची व रुग्णाची पहिली भेट टेबलावर होऊ नये. सातव्या महिन्यातच त्याला दाखवून सगळा बेत कागदावर लिहून घ्यावा, आणि श्वासाचे यंत्र व अतिदक्षता विभाग असलेले ठिकाण निवडावे. कोल्हापुरात सरकारीत जायचे तर थोरला दवाखाना म्हणजे सीपीआर रुग्णालय. प्रसूतीनंतरही किमान एक दिवस बाळंतिणीला उबदार ठेवून तिच्या श्वासावर लक्ष असावे. बाळाची साखर आणि लॅक्टेट तपासावे.