कान्हेरीची वाट

मुंबईच्या बोरिवली उपनगरांतून राष्ट्रीय उद्यानांत शिरून सायकलीनें कान्हेरीस जाणाऱ्यास शेवटची चढण चांगलीच दमवते. माथ्यावर पोंचतांच त्याची नजर प्रथम पाणी शोधते. आणि पाणी हेंच या रानाच्या इतिहासाचें सूत्र आहे. कान्हेरी म्हणजे शिलालेखांतला कृष्णगिरि. सोपारा, कल्याण येथील व्यापाऱ्यांच्या दानांतून येथें भिक्षूंसाठीं लेणीं कोरलीं गेलीं, आणि त्यांच्याजवळच पावसाचें पाणी सांठविणारीं टाकींही. पुढें मुंबईची तहान भागविण्यासाठीं १८६० सालीं विहार व १८७९ सालीं तुळशी हे तलाव पुरे झाले. त्यांच्या पाणलोटासाठीं भोंवतालचें रान राखलें गेलें. सायकलस्वारास आज लाभणारी सावली ही त्या तहानेची देणगी होय. उपनगर आतां डोंगरास भिडलें आहे. तें हें ऋण विसरलें, तर रानही उरणार नाहीं आणि वाटही.