बहात्तर गावांचं जहाज

जव्हारला वीकएंडला जाणारी मंडळी साधारण ठरलेल्या गोष्टी बघून परत येतात. राजवाडा, हनुमान पॉइंट, पावसाळा असेल तर दाभोसा धबधबा, आणि वेळ उरलाच तर शिरपामाळ. शिरपामाळ म्हणजे गावाबाहेरचं एक मोकळं पठार. वारा भन्नाट! सुरतेच्या पहिल्या स्वारीवर निघालेले शिवाजी महाराज ३१ डिसेंबर १६६३ ला इथे मुक्कामाला होते, जव्हारच्या विक्रमशाह राजांनी त्यांचं स्वागत केलं, मस्तकावर मानाचा शिरपेच चढवला, आणि म्हणून हा शिरपामाळ, असं इथे सांगतात. (थर्टी फर्स्टचा याहून भारी प्लॅन मी तरी ऐकलेला नाही.) पुढे ६ जानेवारी १६६४ ला महाराज सुरतेत होते.

शिरपेचानंतर नऊच वर्षांनी, १६७२ मध्ये, मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार जिंकून घेतलं आणि इथल्या राजाला पळावं लागलं. हा पुढचा भाग माळावर फारसं कोणी सांगत नाही. असो.

मला या जागेचं कौतुक वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी. सुरत म्हणजे तेव्हाचं मोगलांचं सगळ्यात श्रीमंत बंदर. तिथल्या सगळ्यांचं लक्ष समुद्राकडे. इंग्रज, डच यांच्या वखारी, मक्केला जाणारी जहाजं, तापीवरचा किल्ला. आणि हल्ला आला तो जंगलातून. नाशिक-त्र्यंबकच्या बाजूने जव्हार आणि रामनगरच्या डोंगरांमधून महाराज गणदेवीपर्यंत येऊन ठेपले, तेव्हा कुठे शहराला खडबडून जाग आली. म्हणजे काय, तर या किनाऱ्याच्या पाठीला चिकटून एक अख्खं जंगल होतं आणि बंदरातल्या लोकांना त्याची आठवण फक्त एकाच कामासाठी व्हायची. लाकूड!

या लाकडाचीच गोष्ट मला सांगायची आहे. पण त्याआधी एका होडीत बसावं लागेल.

आपल्या डोक्यात असा एक नकाशा असतो की जव्हार-मोखाड्याचं सगळं पाणी वैतरणेला मिळतं आणि मुंबईकडे जातं. वैतरणेचं खरं आहे. पण जव्हारच्या उत्तरेला उतार उलटा आहे. दाभोशाला जी कोसळते ती लेंडी, आणि तिच्यासारखीच वाघ नदी, या दोघी दमणगंगेला मिळतात. दमणगंगा दादरा नगर हवेलीतून जाते आणि दमणला समुद्राला मिळते. म्हणजे दाभोशाचा धबधबा बघताना आपण जे पाणी बघतो ते मुंबईला नाही, दमणला चाललेलं असतं. हे कळल्यावर त्या पाण्याच्या मागे मागे जायचं ठरवलं. दाभोशावरून पुढे खानवेल, आणि खानवेलहून दुधनी. रस्ता बरा आहे, वळणं खूप.

दुधनीला मधुबन धरणाचं पाणी मागे पसरलंय. नदी अशी राहिलेली नाही, डोंगरांच्या कुशीत शिरलेला तलावच आहे. आणि त्या पाण्यात काय तरंगत होतं? काश्मिरी शिकारे! छत, पडदे, गाद्या, सगळं साग्रसंगीत. वारली आणि कोकणा लोकांच्या मुलखात दाल लेकमधल्या होडीत बसायचं म्हणजे जरा गंमतच. पण अर्धा-पाऊण तास शांतपणे पाण्यावरून फिरायला तिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. इंजिन नाही, आवाज नाही. वल्ह्याचा चुबुक चुबुक आवाज आणि अधूनमधून फळी कुरकुरते तेवढंच.

वल्हवणाऱ्याला विचारलं, "दादा, होडी कसल्या लाकडाची आहे?"

"ठाव नाही. तयारच आली."

"सागाची नाही ना?"

तो हसला. "साग? सागाची होडी कोणाला परवडते?" मग वल्ह्याने पाण्याकडे बोट दाखवावं तसं करत म्हणाला, "साग हिथं खाली होता. आमचा जुना पाडा पण खालीच हाय."

हे त्याने इतक्या सहज सांगितलं की मी पुढे काही विचारलं नाही. धरण झालं तेव्हा या खोऱ्यातली गावं पाण्याखाली गेली, शेतं गेली, झाडं गेली. आता ज्या मुलखात सागाची होडी कोणाला परवडत नाही, त्याच मुलखाच्या सागाने एके काळी युद्धनौका बांधल्या आहेत. आणि हा मुलूख हातोहात फिरला तोही एका जहाजापायीच.

झालं असं. १७७२ मध्ये मराठ्यांच्या आरमाराने पोर्तुगीजांची 'सांताना' नावाची फ्रिगेट पकडली. फ्रिगेट म्हणजे वेगवान, तीन डोलकाठ्यांची लढाऊ नौका. पोर्तुगीज भरपाई मागत बसले. एरवी पुण्याने त्यांना किती भाव दिला असता कोण जाणे, पण तेव्हा पेशवाईला दुसरी डोकेदुखी होती. राघोबादादा इंग्रजांकडे गेलेले, इंग्रजांशी युद्ध सुरू. पोर्तुगीज निदान इंग्रजांच्या बाजूला जाऊ नयेत एवढं तरी बघायला हवं होतं. १७ डिसेंबर १७७९ ला तह झाला, आणि दमणजवळची बारा हजार रुपये वसुलाची गावं पोर्तुगीजांना द्यायचं ठरलं. १७८३ मध्ये नगर हवेलीची बहात्तर गावं त्यांच्याकडे गेली. दादरा १७८५ मध्ये.

एका जहाजाच्या बदल्यात बहात्तर गावं. त्या गावांतल्या कोणी 'सांताना' पाहिलेली असण्याची शक्यता शून्य. समुद्रसुद्धा किती जणांनी पाहिला असेल?

या व्यवहाराला एक भन्नाट शेपूट आहे. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली स्वातंत्र्यसैनिकांनी मुक्त केली (२ ऑगस्टला सिल्वासा पडलं, त्यात सुधीर फडके होते हे बऱ्याच जणांना माहीत असेल). भारताने पोर्तुगीजांना दमणहून आत जाऊ दिलं नाही. पोर्तुगाल १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. आणि तिथे हॉलंडमध्ये न्यायाधीश मंडळी पेशव्यांच्या सनदांचा अर्थ लावत बसली! १७७९ चा तह, १७८३ आणि १७८५ चे हुकूम. मराठ्यांनी नेमकं दिलं काय होतं, राज्य की नुसता वसूल? १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. मराठ्यांनी दिला होता तो फक्त महसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नाही, असं न्यायालय म्हणालं. पुढे इंग्रजांच्या काळात मात्र पोर्तुगीजांची सत्ता तिथे मान्य झाल्यासारखीच होती, हेही म्हणालं. सैन्य आत न्यायचा हक्क पोर्तुगालला नाही, हा आपल्या कामाचा भाग. एखादी जुनी सिस्टिम दोनशे वर्षं चालू राहते आणि मग कोणीतरी मूळ रिक्वायरमेंटचा कागद उघडून वाचतं, तसलाच प्रकार.

पण वसूल असो की राज्य, गावांबरोबर जंगल मिळालं होतं. आणि जंगलातून निघालेली नदी थेट दमणच्या धक्क्याला जात होती. दमण पोर्तुगीजांकडे १५५९ पासून, तिथे जहाजबांधणीही जुनी. आता मागचा सागही हातात आला.

सागाचं एवढं काय, असं वाटेल. युरोपात जहाजं ओकची. ओकमध्ये एक आम्ल असतं, ते लोखंडी खिळे खातं. सागात तेल असतं, ते खिळे सांभाळतं. लाकूड पोखरणारे समुद्री किडे सागाला सहसा तोंड लावत नाहीत, पाण्याने तो फारसा फुगत-आकसत नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली 'ट्रिंकोमाली' १८१७ मध्ये पाण्यात उतरली. तिचा साग मलबारचा. ती अजून इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. तिच्याबद्दल आपल्याकडे लिहिलं जातं. दमणच्या बहिणीबद्दल फारसं कोणी लिहीत नाही.

ही बहीण म्हणजे 'दों फेर्नांदो दुसरा आणि ग्लोरिया'. नाव लांबलचक, कारण राजा-राणी दोघांनाही खूश करायचं होतं. दमणच्या गोदीत, नगर हवेलीच्या सागातून बांधलेली, २२ ऑक्टोबर १८४३ ला पाण्यात उतरलेली पन्नास तोफांची फ्रिगेट. एकूण लांबी सुमारे ८७ मीटर. सांगाडा दमणला झाला, डोलकाठ्या-शिडांचा साज चढवायला गोव्याला नेली. २ फेब्रुवारी १८४५ ला गोव्याहून निघाली ती ४ जुलैला लिस्बनला पोचली. पाच महिने! तेहतीस वर्षं ती फिरत होती. सैनिक नेले, सरकारी माल नेला, हद्दपारीची शिक्षा झालेले कैदी आफ्रिकेत नेऊन सोडले. एक लाखाहून जास्त सागरी मैल.

१८७८ मध्ये तिचा प्रवास थांबला. मग तोफखान्याची शाळा, मग गरीब मुलांची शाळा. १९६३ मध्ये आग लागली आणि जळका सांगाडा लिस्बनजवळ नदीच्या चिखलात रुतून पडला. जवळजवळ तीस वर्षं. १९९२ मध्ये तो उचलून दुरुस्तीला घेतला, आणि १९९८ मध्ये लिस्बनच्या जागतिक प्रदर्शनात ती पुन्हा उभी राहिली. आता ती लिस्बनच्या समोरच्या तीरावर, आल्मादा शहरातल्या कासिल्यासला म्युझियम म्हणून आहे. आगीत होरपळून तीस वर्षं चिखलात पडूनही परत बांधण्यासारखं काही शिल्लक उरलं, यातच त्या लाकडाचं सगळं आलं.

ती बांधण्याच्या कामावर देखरेख गिल जुझे द कॉन्सेसांव या पोर्तुगीज अभियंत्याची. पण सुतारांचा मुख्य मिस्त्री होता आपल्याकडचा. त्याचं नाव पोर्तुगीजांनी 'यादो सेमोजी' असं लिहून ठेवलंय. यादव? यादोजी? पुढचं सोमजी, शामजी, काहीही असू शकेल. ऑनसाइटला गेल्यावर आपल्या नावाचं जे होतं तेच याचं झालं :) तरीही हे नाव टिकलं हे नशीबच. कारण त्याच्या मागे, डोंगरात, झाड निवडणारे, पाडणारे, ओढणारे जे कोण होते त्यांचं एकही नाव माझ्या वाचनात आलेलं नाही.

इथे मला रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र आठवतं. १७१५ च्या सुमाराचं. त्यातला आरमाराच्या लाकडाबद्दलचा मजकूर दर शिवजयंतीला 'महाराजांचं पर्यावरण धोरण' म्हणून फॉरवर्ड होत असतो. आंबा, फणस ही लाकडंही आरमाराला उपयोगी, पण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, त्यांना हात लावू नका. एखादं झाड जीर्ण झालं असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्या. वाचताना खरंच ऊर भरून येतो. पण त्याच मजकुरात सागासारखी झाडं रानातून सरकारच्या परवानगीने तोडून आणा, असंही आहे. म्हणजे आंब्याला धनी होता, त्याला विचारायचं होतं. रानातल्या सागाचा धनी सरकार! त्या रानात राहणाऱ्या वारली, कोकणा, कातकरी, ठाकर मंडळींना विचारायचं असतं हे सनदेत नाही, तहात नाही, आज्ञापत्रातही नाही. जव्हार संस्थानाचं तर मोठं उत्पन्नच जंगलाचं होतं. १९४५ मध्ये तलासरी-डहाणू भागातले वारली वेठबिगारीविरुद्ध उठले, गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होत्या. त्या लढ्यात पुढे गवत कापण्याच्या आणि झाडं तोडण्याच्या मजुरीचा प्रश्न आला. झाड पाडणाऱ्याला पैसे किती, हा प्रश्न जाहीरपणे विचारायला इतका वेळ लागला.

साग संपल्यावर आता पाणी. वैतरणेवर मोडकसागर १९५७ मध्ये झालं, मध्य वैतरणा २०१४ मध्ये, तेही मोखाड्याच्याच हद्दीत. पाणी मुंबईला, आणि मोखाड्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. माझ्या फ्लॅटच्या नळाला येतं तेही त्यातलंच, तेव्हा मी फार तावातावाने बोलण्यात अर्थ नाही. दमणगंगेचं पाणी तेवढं वेगळ्या दिशेने जातं. तर तेही वळवून पिंजाळमार्गे मुंबईला आणायची नदीजोड योजना आहे. महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्र यांचा करार २०१० मध्ये झाला. त्यात एक धरण दमणगंगेवर भुगडला आणि एक वाघ नदीवर खारगीहिलला आखलंय. खारगीहिल जव्हार तालुक्यात. ते झालं की दुधनीसारखं आणखी एक पाणी पसरेल, आणि काही वर्षांनी बहुतेक तिथेही शिकारे येतील.

तुमच्यापैकी कोणी लिस्बनला प्रोजेक्टवर असेल तर एक काम करा. लिस्बनहून कासिल्यासला फेरी सुटते, नदी ओलांडली की धक्क्याजवळच जहाज आहे. आत जाऊन यादोचं नाव कुठे लिहिलंय का बघा, कसं लिहिलंय त्याचा फोटो काढा आणि मला पाठवा. आणि जमलं तर खालच्या डेकवर एखाद्या जुन्या, काळ्या पडलेल्या तुळईवर हात ठेवून बघा.