गळतीचे मूळ

जुन्या बुलेटखाली ऑइलचा डाग दिसला की ‘बुलेट आहे, गळणारच’ असे म्हणून आपण मोकळे होतो. ही समजूत एकदा तपासून पाहावी, असे आम्हांस वाटते.

रेडिचच्या रॉयल एन्फिल्डशी भागीदारी करून १९५५ साली मद्रासमध्ये ‘एन्फिल्ड इंडिया’ उभी राहिली. इंग्लंडमधील उत्पादन १९७० साली थांबले. बिडाच्या सिलिंडरचे ते इंजिन मात्र आपल्याकडे पुढे अनेक दशके घडत राहिले. त्याची क्रँककेस दोन उभ्या अर्ध्यांची, गिअरबॉक्स वेगळा, ऑइलची टाकी क्रँककेसमध्येच, प्रायमरी चेनचे झाकण मध्यभागी एकाच नटने आवळलेले. जोड अधिक, तितक्या गळतीच्या वाटा अधिक.

तथापि दोष नेहमी जोडाचाच नसतो. पिस्टन खाली येताना क्रँककेसमधील हवा दाबली जाते. ब्रीदर तुंबलेला असेल तर तोच दाब ऑइलला पॅकिंगमधून बाहेर लोटतो. अशा वेळी नवे पॅकिंग घालूनही गळती परतते. म्हणून आधी ब्रीदर पाहावा. मग इंजिन धुऊन, वाळवून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि गाडी थोडी फिरवावी. वारा ऑइलला मागे नेतो, उतार खाली. तेव्हा सर्वांत वर व पुढे उमटलेली ओल मुळाच्या जवळची.

पाठचिकित्सा शिकवणाऱ्या आम्हांस ही रीत ओळखीची वाटते. अपपाठ आढळतो एका पोथीत, उगम असतो तिच्या पूर्वज पोथीत. ‘गळणारच’ म्हणणारा हा शोध सुरूच करीत नाही. आणि तेच ऑइल मागच्या टायरवर पोचले, तर वळणावर जिवावर बेतते.