बदला कोण भरतो?

1990 च्या दशकात दलाल स्ट्रीटवर शनिवारी बदल्याचं सत्र भरायचं. पैसे न भरता घेतलेले शेअर आणि हाती नसताना विकलेले शेअर, असे सगळे उभे सौदे तिथे पुढच्या वलणात, म्हणजे हिशेब चुकवण्याच्या पुढच्या मुदतीत, ढकलले जात. त्यासाठी शेअरमागे जो आकार ठरे, तो बदला. मुरलेले दलाल आठवडाभर भावामागे धावत. शनिवारी मात्र त्यांची नजर या एका आकड्यावर खिळलेली असे. कोण किती अडकलंय, हे त्यावरून कळायचं.

समजा, तेजीवाल्याने 200 रुपयांना शेअर घेतला आणि पुरे पैसे त्याच्याकडे नाहीत. मग बदल्यात पैसा लावणारा एखादा सावकार पुढे येई. तो चालू वलणात 200 रुपये मोजून शेअर उचले आणि त्याच दमात पुढच्या वलणासाठी 201 ला विकल्याची नोंद करी. एका आठवड्याचा एक रुपया, म्हणजे वर्षाला 26 टक्के व्याज. तेजी तापली, उधारीवर घेणारे वाढले, की हा दर चढत जाई. याउलट मंदीवाल्यांनी विक्रीचा मारा केला आणि द्यायला शेअरच उरले नाहीत, तर पैसे भरण्याची पाळी त्यांच्यावर येई. हा उंधा बदला; तेजीवाला भरे तो सिधा.

या पद्धतीचं खरं मोल इथेच आहे. वायद्यात प्रत्येक घेणाऱ्यासमोर एक विकणारा असतोच, त्यामुळे तेजीचे सौदे जास्त की मंदीचे, या प्रश्नाला अर्थ नाही. दोन्ही बाजू कायम समसमान. विचारायचं ते हे, की सौदा उभा ठेवण्याची निकड कोणाला आहे आणि त्यासाठी तो काय मोजायला तयार आहे.

1982 साली मुंबईने याचा सर्वांत गाजलेला धडा पाहिला. 18 मार्चला कलकत्त्याच्या मंदीवाल्यांच्या टोळीने रिलायन्सचे शेअर हाती नसतानाच विकायला सुरुवात केली आणि भाव 131 वरून 121 वर आला. समोर रिलायन्सचे हितचिंतक दलाल पडेल तो माल उचलत होते. हे घेणारे पैशांअभावी सौदे पुढे ढकलतील, ही मंदीवाल्यांची अटकळ. 30 एप्रिलला उलटंच झालं. घेणाऱ्यांनी शेअरचा ताबा मागितला आणि मुदतवाढ हवी असेल तर जबर उंधा बदला भरा, असं सुनावलं. बाजार तीन दिवस बंद ठेवावा लागला. मंदीवाले मिळेल तिथून, मिळेल त्या भावाने शेअर गोळा करत सुटले. विक्रीचा आकडा त्यांना पाठ होता; समोरच्याची ऐपत त्यांनी जोखलीच नव्हती.

सरकारला ही पद्धत कधीच रुचली नाही. जून 1969 मध्ये शेअरच्या वायद्यांवर बंदी आली, तरी बदला आडवाटेने चालूच राहिला. हर्षद मेहता प्रकरणानंतर डिसेंबर 1993 मध्ये बाजाराची नियामक संस्था सेबीने तो थांबवला, पुढे बंधनं घालून परत येऊ दिला आणि केतन पारेख प्रकरणानंतर 2 जुलै 2001 पासून कायमचा बंद केला. त्यात उधारीचा अतिरेक होत होता हे खरंच, म्हणून बंदीचं समर्थन करता येतं. पण बाजाराची नाडी दाखवणारा एक चोख आकडाही तिच्याबरोबर गेला.

पंधरा वर्षांनी तो भलत्याच बाजारात उगवला. मे 2016 मध्ये बिटमेक्स या एक्सचेंजने बिटकॉइनचा मुदत नसलेला वायदा आणला. अशा वायद्याची कल्पना अर्थतज्ज्ञ रॉबर्ट शिलर यांनी 1993 मध्येच मांडली होती. मुदतच नाही, तर वायद्याचा भाव हाजिर भावाशी बांधून ठेवायचा कसा? उत्तर होतं फंडिंग रेट. वायदा हाजिरच्या वर गेला की लाँगवाले (तेजीवाले) शॉर्टवाल्यांना (मंदीवाल्यांना) पैसे देतात, खाली गेला की शॉर्टवाले लाँगवाल्यांना. दर आठ तासांनी हिशेब; भारतीय वेळेनुसार सकाळी साडेनऊ, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री दीड वाजता. सिधा आणि उंधा बदला, फक्त दिवसातून तीनदा.

आकडे दिसायला चिमुकले असतात. 0.01 टक्का हा सर्वसाधारण दर, वर्षाकाठी सुमारे 11 टक्के. तेजीच्या भरात तो 0.1 टक्क्यावर गेला, की दिवसाला 0.3 टक्के होतात. दहापट लिव्हरेज, म्हणजे उधारीचा जोर, घेतलेल्याच्या मार्जिनमधून (अनामत रकमेतून) रोज 3 टक्के नुसते फंडिंगमध्ये झिरपतात. बिटमेक्सवर तर शंभरपट लिव्हरेज मिळत असे. मार्च 2020 मध्ये बिटकॉइन सुमारे 7,900 डॉलरवरून दीड दिवसाच्या आत 4,000 च्या खाली घसरला, तेव्हा मार्जिन संपलेले सौदे यंत्राने आपोआप कापले आणि त्या विक्रीने भाव आणखी पाडला. 1982 च्या मुंबईसारखं तीन दिवस दारं लावून समेट घडवणारं कोणी तिथे नव्हतं. 13 मार्चला बिटमेक्स काही वेळ बंद पडलं, त्याचं कारण कंपनीने पुढे सर्व्हरवरचा हल्ला असं दिलं.

अमेरिकेत बाजार वाचण्याचं आणखी एक साधन आहे. मोठ्या खेळाडूंच्या मंगळवारच्या पोझिशन तिथली वायदा नियामक संस्था सीएफटीसी शुक्रवारी जाहीर करते. डिसेंबर 2017 मध्ये शिकागोच्या सीएमईवर बिटकॉइनचे वायदे सुरू झाले आणि तेही या तक्त्यात आले. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेत हाजिर बिटकॉइनच्या ईटीएफना परवानगी मिळाल्यावर हेज फंडांचे शॉर्ट सौदे तिथे फुगलेले दिसले. अनेकांनी त्यातून मंदीचं भाकीत काढलं. मार्चमध्ये भाव मात्र 73,000 डॉलरच्या वर पोहोचला. त्यातले बरेच फंड ईटीएफ विकत घेऊन वायदा विकत होते आणि दोन भावांमधला फरक खिशात घालत होते. 200 ला उचलून 201 ला विकणाऱ्या मुंबईच्या सावकाराचा व्यवहारही हाच होता, आणि दलाल स्ट्रीटवर त्याला मंदीवाला म्हणण्याची चूक कोणी करत नसे.