दंडाची पावती : कोंडवाड्यापासून वनपट्ट्यापर्यंत (थ्रेड)

१/१६
शहरात भलत्या जागी उभ्या केलेल्या गाडीच्या चाकाला जॅमर लागतो आणि दंड भरेपर्यंत ती हलत नाही. मालकाला शोधत फिरावे लागत नाही. वस्तू अडवली की तो आपणहून येतो. ही युक्ती मोटारींपेक्षा जुनी आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात एके काळी ती बैलावर, बैलगाडीवर आणि कुऱ्हाडीवर चालत असे. त्या दंडाचा आणि त्याच्या पावतीचा हा इतिहास.

२/१६
डिसेंबर १८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघूजी भोसले वारसाविना निवर्तले आणि डलहौसीने संस्थान खालसा केले. चांदा इंग्रजी अमलाखाली आला. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. आजचा गडचिरोली जिल्हा तेव्हा चांद्याचाच भाग होता. तो वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. म्हणून पुढे ‘चांदा’ म्हटले की दोन्ही जिल्हे समजावेत.

३/१६
रेल्वेला लाकूड हवे होते आणि सरकारला महसूल. १८६५ मध्ये पहिला वनकायदा आला, १८७८ मध्ये अधिक कडक. जंगलाची राखीव, संरक्षित आणि ग्रामवने अशी वर्गवारी झाली. राखीव जंगलात परवानगीवाचून चराई, तोड, नांगरट हे सारे गुन्हे ठरले. कालपर्यंतची वहिवाट आज अपराध झाली. मात्र एवढ्या विस्तीर्ण जंगलात अपराध्याला गाठायचे कसे?

४/१६
उत्तर तयार होते : जनावर धरायचे. १८७१ च्या गुरे अतिक्रमण कायद्याने कोंडवाड्याला रीतसर दर ठरवून दिले. शेळी-मेंढीला एक आणा, वासराला दोन आणे, गाय-बैलाला चार आणे, म्हशीला आठ आणे आणि हत्तीला दोन रुपये. वर चारापाण्याचा खर्च वेगळा. पैसे भरा, जनावर सोडवा.

५/१६
पैसे भरलेच नाहीत तर? सात दिवसांत मालक आला नाही की कोंडवाड्याचा रखवालदार पोलीस ठाण्याला कळवी. तेथून नोटीस लागे. नोटिशीनंतर आणखी सात दिवस गेले की जाहीर लिलाव. लिलावातून दंड व खर्च वजा करून उरलेली रक्कम मालकाला. कागदावर सारे नीटनेटके होते. पण पेरणीच्या दिवसांत बैल पंधरा दिवस अडकला, तर त्या हंगामाची भरपाई कोणत्याही कलमात नव्हती.

६/१६
हाच कायदा जंगलालाही लावला गेला. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम ७० नुसार राखीव जंगलात शिरलेले जनावर सार्वजनिक लागवडीचे नुकसान करणारे मानले जाई. कलम ७१ ने सरकारला दर वाढवण्याची मुभा दिली. गाय-बैलाला एक रुपयापर्यंत, म्हणजे चौपट. शेळी-मेंढीला आठ आण्यांपर्यंत, म्हणजे आठपट! सर्वांत मोठी वाढ गरिबाच्या जनावरावर होती.

७/१६
धरलेले जनावर बळाने सोडवून नेले तर १८७१ च्या कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड होता. जनावर बेकायदा धरले गेले असेल, तर दहा दिवसांत दंडाधिकाऱ्याकडे तक्रार करता येई आणि भरपाईची कमाल मर्यादा होती शंभर रुपये. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुले यांनी जंगल खात्यावर आसूड ओढला, त्यामागे शेतकऱ्याचे हेच हाल होते.

८/१६
जनावरांपाठोपाठ अवजारे. १९२७ च्या कलम ५२ ने वनगुन्ह्यात वापरलेली हत्यारे, नावा, गाड्या आणि गुरे जप्त करण्याचा अधिकार दिला. सरकारचे येणे थकले तर कलम ८२ नुसार ते जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येई. म्हणजे ज्या यंत्रणेने शेतसाऱ्यासाठी घरातली भांडी उचलायची, तिनेच जंगलाचे येणेही वसूल करायचे.

९/१६
या साऱ्यात कलम ६८ महत्त्वाचे, कारण खटला न चालवता तडजोड करण्याची वाट त्यात होती. वनगुन्ह्याचा वाजवी संशय असलेल्या माणसाकडून वनाधिकाऱ्याने रक्कम घ्यावी आणि प्रकरण मिटवावे. मूळ कायद्यात ही रक्कम पन्नास रुपयांपेक्षा अधिक नसावी, आणि अधिकारी किमान रेंजर दर्जाचा व दरमहा शंभर रुपये पगाराचा असावा, अशी अट होती. पकडणारे आणि तडजोड ठरवणारे खाते एकच!

१०/१६
१९३० मध्ये देश मिठासाठी उभा राहिला. वऱ्हाडात समुद्र नव्हता, जंगल होते. १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला. मूठभर गवतासाठी तुरुंग का पत्करावा, हा प्रश्न शहरी वाचकाला पडेल. ज्याने कोंडवाड्यातून बैल सोडवला होता, त्याला तो पडला नाही.

११/१६
स्वातंत्र्यानंतर राज्य बदलले, १९२७ चा कायदा राहिला. भूमिहीन कुटुंबे वनजमीन कसत राहिली. या पट्ट्यात तिला ‘जबरानजोत’ म्हणतात : जबरीने केलेली जोत. वनखाते येई, गुन्हा नोंदवी, नांगर जप्त करी, दंड घेई. पुढच्या पावसाळ्यात तीच जमीन, तोच नांगर, तोच दंड. ज्याला दंड रीतसर झाला, त्याच्या हाती मात्र एक कागद उरे : पावती.

१२/१६
२७ डिसेंबर १९७८ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्राने ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणे पात्र कुटुंबांच्या नावे नियमित करण्याचे ठरवले. लगेच प्रश्न आला : त्या तारखेपूर्वी तुम्ही ही जमीन कसत होता कशावरून? सातबारा सरकारच्या नावे, भाडेपट्टा नाही, शेतसारा भरलेला नाही. अमुक साली अमुक माणूस अमुक जागी नांगरत होता, असे सांगणारा कागद बहुधा एकच : वनखात्याने केलेली गुन्ह्याची नोंद.

१३/१६
येथे इतिहासाने कूस बदलली. जी पावती अपराधाची खूण म्हणून फाडली गेली होती, तीच ताब्याचा पुरावा ठरू लागली. उलट ज्याच्याकडून पावतीविना पैसे घेतले गेले, किंवा ज्याला नुसता दम देऊन सोडले, त्याच्या हाती काहीच नव्हते. जो कधी पकडलाच गेला नाही, तो कागदोपत्री त्या जमिनीवर कधी नव्हताच. शिक्षा झालेला भाग्यवान आणि सुटलेला निराधार, असा हा उफराटा न्याय होता.

१४/१६
हा पेच सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘प्रदीप प्रभू विरुद्ध महाराष्ट्र शासन’ या प्रकरणात मार्च १९९५ मध्ये न्यायालयाने सांगितले की दावे तपासताना केवळ कागदपत्रांवर अडून बसू नये, इतर पुरावाही पाहावा. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी कसत असलेली, कमाल चार हेक्टरपर्यंतची वनजमीन त्याच्या नावे होऊ शकते. नियमांनी वनखात्याच्या नोंदींबरोबरच गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही पुरावा मानले. दाव्यांच्या फायलींत जुन्या दंडाच्या पावत्या लागल्या आणि त्यांच्याशेजारी म्हाताऱ्यांचे अंगठे उमटले.

१५/१६
धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) याच्याही पुढे गेले. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण १९२७ च्या कायद्यात बांबू ‘वृक्ष’ होता, आणि वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात. परवान्याविना गाडी निघाली तर जप्ती! २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. ज्यांच्या गाड्या अडवल्या जात, ते आता परवाना देणारे झाले.

१६/१६
गोष्ट संपलेली नाही. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळल्या गेलेल्यांना जमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला. २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती मिळाली. मधल्या पंधरा दिवसांत घरोघरी काय शोधले गेले असेल, याची कल्पना करता येते. आपल्या आजोबांच्या पेटीत वनखात्याची जीर्ण पावती असेल तर ती रद्दीत घालू नये. आणि पावती नसेल, तर ते कुठे, केव्हापासून नांगरत होते हे त्यांच्याकडून आजच लिहून घ्यावे. कायदा त्यालाही पुरावा मानतो.