मेररचं मस्टर

पिरॅमिड परग्रहवासीयांनीच बांधले असं मानणारा एक तरी माणूस प्रत्येक ऑफिसात असतो. आमच्याकडे तो टेस्टिंगला आहे. मी कैरोला निघालो तेव्हा त्याने मला तीन व्हिडिओ पाठवले. तिन्हींचं म्हणणं एकच: त्या काळच्या माणसांना हे जमणं शक्यच नव्हतं. वेरूळच्या कैलास लेण्याबद्दल असेच व्हिडिओ फिरतात, तेव्हा हा आजार आपल्या ओळखीचा आहे.

खुफूच्या पिरॅमिडमध्ये आत जाताना आधी कंबरेत वाकून चढावं लागतं. मग अचानक छत साडेआठ मीटर वर जातं आणि आपण मोठ्या दालनात ताठ उभे राहतो. वर राजाची खोली, अस्वानहून आणलेल्या ग्रॅनाइटची. आत झाकण नसलेली एक रिकामी दगडी शवपेटी, बाकी काही नाही. भिंतीवर एक अक्षर कोरलेलं नाही. या कोरेपणामुळेच कुणीही येऊन आपली गोष्ट तिथे चिकटवू शकतो.

अक्षरं आहेत, पण त्या खोलीच्या छताच्या वर. तिथे भार विभागण्यासाठी एकावर एक पाच पोकळ्या ठेवल्या आहेत. पर्यटकांना तिथे सोडत नाहीत. १८३७ साली हॉवर्ड व्हाइस वरच्या चार पोकळ्यांत पोचला तेव्हा त्याला दगडांवर लाल रंगात लिहिलेली कामगारांच्या टोळ्यांची नावं सापडली. त्यात खुफूचं नाव घेऊन मिरवणाऱ्या टोळ्या आहेत. पुढे मेनकौरेच्या पिरॅमिडच्या कामावर तर ‘मेनकौरेचे दारुडे’ नावाची टोळी होती! परग्रहावरून आलेला कुणी स्वतःच्या टीमला असं नाव देईल असं मला वाटत नाही. शुक्रवारी संध्याकाळी कंटाळलेली माणसंच देतात.

पण मला खरी ओढ होती मेररची. गिझापासून लांब, तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर वादी अल-जर्फ नावाचं जुनं बंदर आहे. २०१३ साली तिथे पिएर ताले यांच्या चमूला पपायरसचे तुकडे मिळाले. साडेचार हजार वर्षांपूर्वीचे, लिहिलेल्या पपायरसांपैकी आजवर सापडलेले सर्वांत जुने. त्यात मेरर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे. मुकादम हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. आपल्याकडे ऊसतोडीच्या टोळीला असतो तसाच हा, हाताखाली चाळीसेक माणसं आणि होड्या. काम एकच: नाईलच्या पलीकडच्या तुरा इथल्या खाणीतून पांढरा चुनखडक भरायचा आणि गिझाला आणून टाकायचा. हा दगड पिरॅमिडच्या बाहेरच्या गुळगुळीत आवरणासाठी लागे. पुराच्या महिन्यांत पाणी कालव्यांतून पठाराच्या पायथ्यापर्यंत चढे, तेव्हा होडी जवळ नेता येई.

रोजनिशी अगदी रटाळ आहे. आज तुऱ्यात दगड भरला. मुक्काम तुऱ्यात. आज भरलेल्या होड्या घेऊन निघालो. मुक्काम खुफूच्या तलावाशी. परत तुरा. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. मधे एका साहेबाचं नाव येतं, अंखहाफ. तो खुफूचा सावत्र भाऊ आणि तिथला वरचा अधिकारी. सोबत धान्याचे हिशेबही आहेत: किती यायला हवं होतं, किती आलं, किती बाकी. बाकीचा रकाना वाचून मला हसू आलं. पुरवठा थकवणं इतकं जुनं आहे.

दुसरी लोकप्रिय गोष्ट गुलामांची. चाबूक, साखळ्या, सिनेमातला घाम. १९९० साली गिझाला एका घोड्याचा पाय मातीच्या विटांच्या भिंतीला अडखळला आणि कामगारांची स्मशानभूमी उजेडात आली. पिरॅमिडच्या इतक्या जवळ, परलोकासाठी बिअर आणि पावाची भांडी देऊन पुरलेली माणसं. हाडं मोडून नीट जुळून आलेली, म्हणजे कुणीतरी त्यांना बांधून, बसवून जपलं होतं. पाठीचे मणकेही झिजलेले. मला या माणसांचं आयुष्य गोड करून सांगायचं नाही. राजाने बोलावल्यावर नाही म्हणायची सोय त्यांना असेल असं वाटत नाही, आणि झिजलेला मणका बिअरने भरून येत नाही.

मेररने आणला तसला पांढरा दगड आता फारसा उरलेला नाही. मध्ययुगात कैरोच्या इमारतींसाठी लोकांनी तो काढून नेला. उत्तरेच्या बाजूला, अगदी तळाशी, काही चिरे अजून जागेवर आहेत. दोन चिऱ्यांमधल्या फटीत नख घालून बघावं असं वाटतं, नख जात नाही. मी तिथून एक फोटो टेस्टिंगवाल्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं, ‘बघ, माणसाचं काम वाटतं का हे?’