चार वर्षांच्या पोराचा हात लिहिताना खरंच दुखतो का?

माझा भाचा साडेतीन वर्षांचा. शाळेतून रोज एक पान ‘अ’ गिरवून आणायला सांगतात. परवा चौथ्या ओळीलाच पठ्ठ्याने पेन्सिल फेकली. म्हणाला, “हात दुखतोय.” घरात एकमताने ठरलं, नाटक करतोय. मी जरा माहिती काढली, तर पोरगं खरं बोलत होतं.

त्याचं असंय, आपल्या मनगटात ८ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा तिथे सगळी मऊ कूर्चा असते. पहिल्या वर्षात त्यातली दोनेक टणक व्हायला लागतात आणि शेवटच्या हाडाचा नंबर लागेपर्यंत पोरगं तिसरी-चौथीत पोचलेलं असतं. त्यात बोटांचे बारीक स्नायूही अजून तयार होत असतात. म्हणून दीड वर्षाचं मूल खडू मुठीत धरतं. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट अशी तीन बोटांची पकड बहुतेकांना चार ते सहा वर्षांच्या दरम्यान जमते. बोटांच्या या बारीक कामांना म्हणतात फाइन मोटर स्किल्स.

मग करायचं काय? पेन्सिल बाजूला ठेवा आणि स्वयंपाकघरात चला.

मटार सोलायला द्या. कणकेचा गोळा द्या, त्याच्या वळ्या करून ‘ग’ बनवू द्या. ताटात रवा पसरून बोटाने अक्षर काढायचं, ताट हलवलं की पाटी कोरी! बादलीभर पाणी आणि जुना ब्रश दिला तर पोरं अंगणातली भिंत तासभर ‘रंगवतात’. उभ्या भिंतीवर काम करताना खांदा आणि मनगट दोन्ही घडतात, टेबलावर वाकून ते होत नाही.

आणखी एक भारी युक्ती म्हणजे खडूचा तुकडा. अख्खा खडू मुठीत मावतो, पण इंचभर तुकडा धरायला तीन बोटंच लागतात. पकड आपोआप सुधारते, ओरडावं लागत नाही. (मणी ओवणं, चणे वेचणं हे तीन वर्षांच्या आतल्यांना नको, थेट तोंडात जातं.)

यात नवीन काहीच नाही बरं का. मारिया माँटेसरींनी १९०७ साली रोममध्ये बालगृह सुरू केलं. तिथे मुलं खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून आधी बोट फिरवायची. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि नंतर कोसबाडला महागड्या साहित्याऐवजी बिया, पानं, दगड, शिंपले वापरून बालवाडी चालवली. २०२० चं राष्ट्रीय शिक्षण धोरणही लहान वयात खेळातून शिकण्यावरच भर देतं. तरी नर्सरीच्या दप्तरात चार वह्या कशा येतात, हा प्रश्न पालकसभेत विचारायलाच हवा.

बाकी, मूल डावखुरं असेल तर हात बदलायला लावू नका. सहाव्या वर्षीही बटण लावणं, चमचा धरणं जड जात असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ते गरज वाटल्यास ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवतात.

भाचा सध्या रव्यात ‘अ’ काढतो. थोडा वाकडा येतो. रवा मात्र घरभर असतो आणि झाडू माझ्या हातात.